घर-अंगण : चुना लावण्याआधी भिंत पाहा



चैत्रात सोनारीला भैरवनाथाची यात्रा भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणेरावळे येतात. म्हणून होळी झाली की घर झाडण्याची आणि भिंती रंगवण्याची गडबड सुरू होते. या गडबडीत पुष्कळदा आपण जुन्या पोपड्यांवरच नव्या चुन्याचा हात मारतो. यात्रेपुरती भिंत पांढरीशुभ्र दिसते. मृगाचा पाऊस लागला, की जुना पोपडा नव्याला घेऊन खाली येतो. पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

म्हणून यंदा चार दिवस आधी सुरुवात करा. भिंतीजवळचे सामान, कणग्या, पेट्या पुढे ओढा. फळीमागे आणि कोनाड्यात पिठाच्या खळीने चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रे व कॅलेंडरे असतील. खळीचा कागद वाळवीला आणि कसरीला आवडतो. त्यावर रंग देऊ नका. फडके कोमट पाण्यात बुडवून कागदावर दाबून धरा. कागद भिजला, की बोथट खुरप्याने अलगद सोलून काढा. खळीचा चिकटपणाही पुसून घ्या, नाहीतर त्या जागी चुना धरत नाही. भिंत मातीची असेल, तर पाणी ओतू नका, फडके फक्त ओलसर ठेवा.

चुन्याचे सुटलेले पोपडे खुरप्याने खरवडा. घट्ट बसलेला चुना राहू द्या. चुलीजवळची काजळी आधी कोरड्या कुंच्याने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. भिंतीच्या खालच्या भागाला पूर्वीचा ऑइलपेंट असेल, तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरच्या रंगातील शिशावर कडक मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार घातक असते. रंग पाणी शिंपडून खरवडा, नाकातोंडाला फडके बांधा, मुलांना दूर ठेवा. निघालेले पोपडे गोळा करून पिशवीत बांधा. ते चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका. उकिरड्याचे खत शेवटी आपल्याच शेतात जाते.

आता मुख्य गोष्ट सांगते. खरवडून झाल्यावर लगेच चुन्याकडे वळू नका. उघड्या भिंतीकडे दिवसाच्या उजेडात नीट पाहा. भिंत वर्षातून एवढ्या वेळीच आपल्याला खरी दिसते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून सुमारे 8,000 माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांत बहुतेक माणसे झोपेतच गाडली गेली. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसत. पण आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन वेगळ्या रांगा, मध्ये माती-चिपांची भर, आणि दोन्हींना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नाहीत, अशी त्यांची बांधणी होती. हादरा बसताच दोन्ही रांगा फाकल्या.

तेव्हा भिंतीवरून हात फिरवा. कुठे पोट आल्यासारखी फुगली आहे का? काठीने हळू ठोका. पोकळ आवाज येतो का? कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत का? भेग दिसली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे गेली, तर ती वाढते आहे असे समजा. फुगलेली भिंत, सुटलेला कोपरा किंवा वाढती भेग जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय झाकू नका. दोन्ही रांगा बांधणारे लांब दगड किंवा सळई घातलेल्या काँक्रीटच्या गाठी नंतरही बसवता येतात. मात्र ते काम गवंड्याचेच आहे, घरी करायचे नाही. तोवर त्या भिंतीशी अंथरूण घालू नका, पाळणा बांधू नका. माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढत असेल, तर घरधन्याला ते ओझेही दाखवा.

साध्या खड्ड्यांना चाळलेली माती, गव्हाचा भुसा आणि थोडे शेण भिजवून, चार-आठ दिवस मुरवून लिंपा. लिंपण पूर्ण वाळू द्या. पायथ्याशी पांढरा खार फुटत असेल, तर तो कोरड्या कुंच्याने झाडा आणि मोरीचे किंवा पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर काढा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

चुना आदल्या दिवशी भिजवावा. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी लागते. पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन त्यात खडे थोडेथोडे सोडा. तो रटरट उकळतो, म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यांत थेंब उडाला, तर पुष्कळ स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी चुना जाड फडक्यातून गाळा. भिजवलेल्या डिंकाचे थोडे पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करून सकाळच्या गारव्यात पातळ हात द्या. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्या. एकच जाड हात दिला, तर त्याचे पोपडे सुटतात.

यात्रेला आलेल्या लेकीला भिंत पांढरी दिसेल. त्या भिंतीखाली नातवंडे निर्धास्त झोपावीत, एवढी काळजी चुन्याच्या आधी घ्या.