‘गेटवे’चा धक्का सरकतो आहे

मुंबईला गेलेल्या गोमंतकीयाचा पाय गेटवे ऑफ इंडिया पाहिल्याशिवाय माघारी वळत नाही. कमानीसमोर छायाचित्र, ताजमहाल हॉटेलच्या पार्श्वभूमीवर कबुतरांना दाणे आणि वेळ असेल तर घारापुरीची लाँच, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. यातील शेवटचा टप्पा आता जागा बदलणार आहे. गेटवेपासून सुमारे २८० मीटरवर, रेडिओ क्लबच्या बाजूला, महाराष्ट्र सागरी मंडळ २२९ कोटी रुपये खर्चाचा प्रवासी धक्का उभारत आहे. कुलाब्यातील रहिवाशांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अटी घालून प्रकल्पास वाट मोकळी करून दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

नव्या धक्क्याची गरज नाही, असे गेटवेवर लाँच पकडलेला कोणीही म्हणणार नाही. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या. एकीला एक लागून डोलणाऱ्या लाँचेस. एकीतून दुसरीत पाऊल टाकताना हात धरायला धावणारा खलाशी. हातातले मूल सांभाळणारी आई किंवा गुडघे धरलेले आजोबा यांच्यासाठी ही सहलीची सुरुवात नसून परीक्षाच असते. त्यातच १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटची सक्ती झाली. हे आधीच का झाले नव्हते, या प्रश्नाला उत्तर नाही.

वाद खरा आहे तो धक्का प्रवाशांसाठी की प्रवाशांच्या निमित्ताने आणखी कशासाठी, हा. मूळ आराखड्यात दीडशे मोटारींसाठी वाहनतळ, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी प्रतीक्षालय, खुले प्रेक्षागृह आणि उपाहारगृहही आहे. उच्च न्यायालयाच्या अटी म्हणूनच बारकाईने वाचण्याजोग्या आहेत. प्रेक्षागृहाचा वापर बोटीची वाट पाहणाऱ्यांना बसण्यापुरताच करायचा, तेथे करमणुकीचे कार्यक्रम नकोत. उपाहारगृहात पाणी आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ मिळतील, जेवणावळी नाहीत. बोटीत चढण्याची जागा ही बोटीत चढण्याचीच जागा राहावी, एवढी साधी गोष्ट न्यायालयाला लिहून द्यावी लागली. नौदलाच्या निर्देशांनुसार गेटवेजवळचे सध्याचे धक्के टप्प्याटप्प्याने बंद करायचे आहेत. म्हणजे नवा धक्का हा जुन्याला पर्याय आहे, जोड नव्हे. तिथली सोय कोणाच्या खिशाला पेलेल, यावरच सामान्य पर्यटकाचा समुद्र अवलंबून राहील.

या किनाऱ्याचा स्वभाव मुळात असा नव्हता. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज येथे उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान उभारायचे ठरले आणि १९२४ मध्ये ती खुली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली. साम्राज्याने स्वतःच्या मिरवणुकीसाठी बांधलेली वास्तू पुढे शेंगदाणे विकणाऱ्यांची आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची झाली. (या जागेच्या ‘अपोलो’ या भारदस्त नावामागेही ग्रीक देव नसून मराठी ‘पालव’ असल्याचे मानले जाते.)

चर्चेत जवळजवळ अनुपस्थित आहे ती घारापुरी. तिला ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी तेथील दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुंबईचे दिवे रोज समोर पाहणाऱ्या या बेटावर समुद्राखालून वीज पोहोचली ती मात्र २०१८ मध्ये. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना माळा, टोप्या, ताक आणि काकड्या विकणाऱ्या ग्रामस्थांचा संसार लाँचच्या फेऱ्यांवर चालतो. सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात समुद्र खवळलेला. उरलेल्या दिवसांच्या कमाईचे गणित तिकीट किती वाढते आणि फेऱ्या किती होतात यावर ठरेल. कुलाब्याच्या रहिवाशांना वकील मिळाले, बेटावरच्या विक्रेत्यांचे म्हणणे कोणत्या कागदावर आहे?

आपल्याला हे सारे परके वाटू नये. एके काळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट पणजीच्या धक्क्याला लागत असे आणि तिच्या डेकवर रात्र काढलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. त्याच मांडवीत आज कॅसिनोंची जहाजे नांगर टाकून उभी आहेत. त्यांना हलवण्याची आश्वासने निघाली, मुदतवाढीही निघाल्या. सायंकाळी नदीकाठी फिरायला जाणाऱ्या पणजीकराला पाण्यापेक्षा आधी रोषणाईचे फलक दिसतात. मुंबईत न्यायालयाने धक्क्यावर करमणूक नको, असे प्रकल्प पूर्ण होण्याआधी सांगितले. आपल्याकडे हा प्रश्न जहाजे नांगरून, नोकऱ्या जोडल्या जाऊन आणि महसूल अंदाजपत्रकात मिसळून गेल्यानंतर विचारला जातो.

रेडिओ क्लबच्या धक्क्यावरून पहिली लाँच सुटेल तेव्हा उद्‌घाटनाची भाषणे नक्कीच होतील. त्या दिवशी पाहायचे ते घारापुरीच्या साध्या तिकिटाचा दर आणि ते काढणाऱ्यांना बसायला मिळालेली सावली.