खताचे पोते आणि विहिरीचे पाणी

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील एक गाव. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू मुलखात उसाचे फड वाढले. उसाला खत हवेच. परंतु शेजाऱ्याने चार पोती टाकली म्हणून आपण पाच टाकावी, ही शेती नव्हे, ही तर पैज झाली!

शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते. पिकाला लागते तेवढेच ते घेते. उरलेल्या नत्राचे मातीत नायट्रेट बनते आणि पाटाच्या पाण्याबरोबर झिरपत विहिरीत उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असलेले पाणी भारतीय मानकाप्रमाणे पिण्यास अयोग्य होय. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने क्षीण होते.

आपल्या शेतात काय टाकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे कित्येक म्हणतात. पण जमिनीखालच्या पाण्याला बांध कोठे आहे? एकाच्या शेतातले नायट्रेट दुसऱ्याच्या घागरीत येते. म्हणून माती तपासल्यावाचून पोते उसवू नये. २०१५ साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका पेटीत जपून ठेवण्यासाठी नव्हे; तिच्यातील आकड्यांवरून मात्रा ठरवावी, ती हप्त्याहप्त्याने द्यावी आणि युरियात निंबोळी पेंड मिसळावी. पेंडीमुळे नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते. सोलापूरकडे कडुनिंबाला तोटा नाही. पावसाच्या तोंडाशी झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. तो वेचण्याचे काम तर शाळेतली मुलेही करू शकतील.