कोंबडे जास्त निघाले, तर बिघडले कुठे?



तालुक्याच्या बैठकांत कांद्याचा भाव, कापसाचा भाव आणि विजेचे बिल यांवरची चर्चा आटोपली की मग बायाबापड्यांचे प्रश्न येतात. त्यांतला एक प्रश्न ठरलेला असतो. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, दहा पिले निघाली आणि मोठी झाल्यावर पाहावे तो त्यांत सात कोंबडे. असे का होते? तलंगाच जास्त निघाव्यात यासाठी काही औषध, काही युक्ती आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सातबारा नवऱ्याच्या नावे, उसाचे बिल त्याच्या खात्यावर, दुधाचा हिशेबही बहुधा त्याच्याच हाती. अंडी आणि कोंबडी यांचा पैसा तेवढा बहुतेक घरांत बाईच्या हाती राहतो. पोराची वही, सासूचे औषध, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे त्यातूनच निघते. कोंबडे सात निघाले म्हणून वर्षाचा हिशेब चुकला, असे ती म्हणते तेव्हा हिशेब कुठे चुकला हे नीट पाहायला हवे.

आधी शास्त्र पाहू. नर की मादी हे कोंबडीच्या जातीत मादीकडून ठरते. कोंबड्याकडे एकाच प्रकारचे लिंगसूत्र असते, झेड आणि झेड. कोंबडीकडे दोन प्रकारची असतात, झेड आणि डब्ल्यू. अंड्यात झेड उतरले तर कोंबडा, डब्ल्यू उतरले तर कोंबडी. याचा फैसला अंडाशयातून बलक सुटण्याच्या सुमारास होतो. पांढरा बलक, पापुद्रा आणि कवच हे सगळे त्यानंतर चढते. म्हणून टोकदार अंड्यात कोंबडा आणि गोल अंड्यात कोंबडी, ही समजूत खोटी आहे. कवचाला आकार येतो तेव्हा आतला निकाल लागून गेलेला असतो.

उबवणी यंत्र विकणारे काहीजण सांगतात की उष्णता थोडी कमी-जास्त केली की माद्या जास्त निघतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. त्यांच्या बाबतीत वाळूच्या उष्णतेवर नर-मादी ठरते हे खरे आहे. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. पण कोंबडी म्हणजे कासव नव्हे. यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवायचे आणि एकवीस दिवस वाट पाहायची. त्यात फार फरक केला तर पिले आतच मरतात; कोंबड्याची कोंबडी होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. माणसात हाच प्रकार उलटा आहे. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, आणि दोष मात्र आईला लागतो. मुलगी नको म्हणणाऱ्या आपल्याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. खुराड्यात मादी हवी, गोठ्यात कालवड हवी आणि घरात मात्र मुलगा हवा. निसर्ग तिन्ही ठिकाणी जवळपास निम्मे-निम्मेच देतो.

मग सात कोंबडे आले कुठून? एक नाणे दहा वेळा उडवून पाहा. बरोबर पाच छापे आणि पाच काटे चार खेपांतून एखाद्याच खेपेला पडतात. सात किंवा त्याहून जास्त एकाच बाजूने पडणे, हे तीन खेपांतून एकदा घडते. दहा पिलांचेही तसेच आहे. सात कोंबडे निघणे हा कोंबडीचा दोष नाही, करणी नाही, अंडी देणाऱ्या शेजारणीची लबाडीही नाही. शंभर पिले निघाली तर मात्र कोंबड्यांची संख्या जवळजवळ नेहमी चाळीस ते साठच्या दरम्यान सापडते. म्हणजे हा धक्का लहानाला बसतो, मोठ्याला बसत नाही.

आता खरा मुद्दा. निम्मे नर निघणे हा तोटा आहे की नाही, हे निसर्ग ठरवीत नाही, बाजार ठरवतो.

अंड्यांच्या मोठ्या कारखानदारीत कोंबड्याला किंमत शून्य आहे. तिथली जात फक्त अंड्यांसाठी घडवलेली. तिचा नर अंडी देत नाही आणि मांसही लवकर धरत नाही. एक दिवसाचे पिलू पाहून नर-मादी ओळखण्याची विद्या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात बसवली. तेव्हापासून जगभर अशी नर पिले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अशातलीच काही पिले लाल, हिरव्या, गुलाबी रंगांत बुडवून गल्लोगल्ली विकायला येतात. कोंबडी होईल, अंडी देईल या आशेने बाई ती पोराच्या हट्टापायी घेते. त्यातून अंडे मिळत नाही ते यामुळे.

गोठ्याकडे पाहा. एके काळी गोऱ्हा झाला तरी शेतकऱ्याला वाईट वाटत नसे. तो औताला चाले, आणि म्हातारा झाला तरी बाजारात त्याचे चार पैसे येत. ट्रॅक्टरने त्याचे काम घेतले. पुढे १९९५ साली केलेल्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्याला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि त्याचे गिऱ्हाईकही गेले. आज गोऱ्हा जन्मला की घरात तोंडे उतरतात. गोऱ्हा तोच आहे; त्याची किंमत कायद्याने काढून घेतली.

गावरान कोंबड्याची किंमत अजून कोणी काढून घेतलेली नाही. आठवडी बाजारात गिऱ्हाईक गावरान कोंबडा मागून घेते. जत्रा आहे, नवस आहे, आखाड आहे. मग कोंबडे सात निघाले म्हणून रडायचे कशाला? चूक पिलांत नाही, हिशेबात आहे. दहा पिले म्हणजे दहा अंडी देणाऱ्या कोंबड्या असे धरले की तोटाच दिसणार. पाच माद्यांची अंडी आणि पाच नरांची विक्री, असे दोन रकाने मांडा. भाव ज्याने त्याने आपल्या बाजाराचा घालावा. एखाद्या खेपेला तीन आणि सात झाले, तर एका रकान्यातले दुसऱ्यात जाईल इतकेच.

कोंबडा तोट्यात जातो तो उशिरा विकल्यामुळे. सहा-आठ आठवड्यांत तुरा लाल होऊ लागला की नर ओळखू येतो. दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. जास्तीचे ठेवले तर आपसात झुंजतात, माद्यांच्या पाठीची पिसे उपटतात आणि दाणे फुकट खातात. माघात अंडी बसवली तर नर आषाढाला विकायला येतो, आणि उन्हाळ्यातली उबवणीही टळते. श्रावण लागेपर्यंत थांबले की भाव पडलाच.

दुसरे असे की उबवणी एकटीने करू नये. आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात. शंभरभर पिले एकदम निघाली की नर-मादीचे माप आपोआप जमते. जिच्याकडे नर जास्त तिने शेजारणीशी अदलाबदल करावी. वाढवायचा कोंबडा दुसऱ्या गावचा आणावा, म्हणजे भावाबहिणींतली पैदास होऊन जात खालावत नाही. विक्रीला पन्नास कोंबडे एकदम निघाले तर व्यापारी दारात येतो. एकटीला बाजारात त्याच्या दारात जावे लागते.

आणि संघटनेने दोन मागण्या लावून धराव्यात. पिले विकणाऱ्याने पावतीवर स्पष्ट लिहावे, ती निवडलेल्या माद्या आहेत की नर-मादी एकत्र. एकत्र पिलांना माद्यांचा भाव लावणे ही फसवणूक आहे. तसेच ज्या योजनेच्या कागदावर वाटलेले प्रत्येक पिलू अंडी देणारे धरलेले असेल, तो कागद मायबहिणींनी सही न करता परत करावा. निम्मे नर धरून आणि नरांचा बाजार धरून हिशेब पुन्हा मांडायला सांगावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने मागच्या दोन खेपांत किती नर, किती माद्या निघाल्या आणि कोंबडा कोणत्या महिन्यात, काय भावाने गेला, एवढे लिहून आणावे. साऱ्या जिल्ह्याचे आकडे एकत्र मांडले की माद्या काढून देणाऱ्या औषधावर पैसे घालवायची कोणाला गरज राहणार नाही.