विश्लेषण : चव मातीत, पेच नियमांत... बोर्डोच्या नामवंत वाइन उत्पादकाने मानांकन का सोडले?

फ्रान्समधील बोर्डो परिसरातील ‘शातो लाफ्लर’ या नामवंत वाइन उत्पादकाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘पोमरॉल’ आणि ‘बोर्डो’ ही दोन्ही मानांकने सोडत असल्याचे जाहीर केले. २०२५ च्या हंगामापासून त्यांच्या बाटल्यांवर ‘फ्रान्सची वाइन’ एवढाच उल्लेख असेल. वेगाने बदलणारे हवामान हे त्यामागचे कारण.

‘तेर्वार’ म्हणजे काय?

माती, उतार, पाण्याचा निचरा, ऊन-पाऊस आणि लागवडीची परंपरा यांच्या एकत्रित परिणामाला फ्रेंचमध्ये ‘तेर्वार’ म्हणतात. हापूसचे कलम कुठेही लावता येते, पण देवगड-रत्नागिरीची चव सगळीकडे येत नाही, तसाच हा प्रकार.

दोन तीरांवर चव वेगळी का?

जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदोक भागात, जमीन वाळू-गोट्यांची आहे. पाणी झटकन निचरते आणि दिवसा तापलेले गोटे ऊब धरून ठेवतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबरने सॉव्हिन्यॉन द्राक्षाला ती मानवते. त्यातून गडद, तुरट, मुरायला वेळ घेणारी वाइन तयार होते. उजव्या तीराकडील पोमरॉल, सेंट एमिलियॉन भागांत ओलावा धरणारी, थंड चिकणमाती किंवा चुनखडी आढळते. तिथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचे प्राबल्य असून वाइन तुलनेने मऊ असते.

वेलीला पाणी थोडे कमी पडले की मणी लहान राहतात. रंग आणि तुरटपणा वाढतो. ही तहान बेताची असणेच महत्त्वाचे.

हवामानाने काय बिघडले?

उष्णता वाढली की द्राक्षांत साखर लवकर भरते, आम्लता घटते, वाइनमधील अल्कोहोल वाढते. मर्लोचा लवकर पिकण्याचा गुण आता तिच्यावरच उलटू लागला आहे.

नियम आड कसे येतात?

१९३५ पासूनच्या मानांकन व्यवस्थेत द्राक्षाचे वाण, वेलींची दाटी, उत्पादनाची मर्यादा असे सारे ठरलेले असते. सिंचनाला सर्वसाधारणपणे मनाई असून दुष्काळात विशेष परवानगी घ्यावी लागते. लाफ्लरला मात्र वेली विरळ करणे, जमिनीवर सावली राखणे आणि गरजेनुसार पाणी देणे आवश्यक वाटते.

मधला मार्ग आहे का?

२०२१ मध्ये बोर्डोत उष्णतेला तोंड देऊ शकणाऱ्या मार्सेलान, तुरिगा नासिओनालसह सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली. पण बागेच्या ५ टक्के क्षेत्रापुरती आणि मिश्रणात १० टक्क्यांपर्यंतच. शिवाय ही सवलत ‘बोर्डो’ आणि ‘बोर्डो सुपेरिअर’ या मानांकनांपुरती आहे. पोमरॉलला ती नाही.

खरा प्रश्न कोणाचा?

लाफ्लरची वाइन स्वतःच्या नावावर विकली जाते. सामान्य बागायतदाराला ‘बोर्डो’ हे नावच बाजार मिळवून देते. ते सोडणे त्याला परवडणारे नाही. चव जपण्यासाठी केलेले नियम तसेच ठेवले तर चव बदलेल, आणि सैल केले तर नावाचा अर्थ बदलेल. बोर्डोपुढील पेच हाच आहे.