कृष्णाकाठची शाळा आणि दिल्लीची परीक्षा

गावकीत मुरलेला माणूस देशाच्या कारभाराला पुरा पडेल काय, हा प्रश्न लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर नव्याने विचारला जातो आणि निकाल लागला की विसरलाही जातो. विचारणारे बहुधा मोठ्या शहरांतले असतात. सोसायटी, पंचायत समिती, साखर कारखाना अशा पायऱ्या चढून आलेला उमेदवार दिसला की, याला परराष्ट्रधोरणातले काय कळणार, असे म्हणून ते नाक मुरडतात. उलट आमच्या भागातला कार्यकर्ता छाती पुढे काढून म्हणतो, ज्याने गावची भाऊबंदकी सांभाळली त्याला दिल्ली ती काय अवघड! दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे, असे आमचे नम्र मत आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास उंब्रजइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. तारळी जेथे कृष्णेला मिळते तेथे, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले हे कराड तालुक्यातील गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथलाच. येथून पश्चिमेचा रस्ता धरला तर पाटण लागते; तेथील बाळासाहेब देसाई जिल्हा लोकल बोर्डातून वर आले आणि राज्याचे गृहमंत्री झाले. कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले तर सांगलीचे वसंतदादा. आणि अगदी हाताशी कराड, जेथून यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही खाती सांभाळणारा दुसरा मराठी माणूस झालेला नाही. तेव्हा परीक्षा घ्यावयाची तर त्यांच्याच उदाहरणावर घेतली पाहिजे.

यशवंतरावांचा जन्म १९१३ सालचा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावचा. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलची. त्यांची राजकीय उमेदवारी मुख्यतः नगरपालिकेच्या खुर्चीत झालेली नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ती झाली सत्याग्रहात, तुरुंगात आणि खेडोपाडी केलेल्या पायपिटीत. १९३२ साली ध्वज फडकावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९४० साली ते जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, वकिलीची परीक्षा दिली आणि १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. परंतु याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि आमच्या मते सारे मर्म तिच्यात आहे. तुरुंगात आचार्य भागवतांसारखे शिक्षक लाभले, तेव्हा त्यांनी जगाच्या इतिहासाचा आणि समाजवादी विचारांचा अभ्यास केला. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण त्यांना वाटले आणि महायुद्धाच्या प्रश्नावर ते त्यांच्यापासून दूरही झाले. म्हणजे कराडात राहणाऱ्या या तरुणाला युरोपातील युद्धाविषयी स्वतःचे मत होते आणि त्यासाठी आपले गुरुस्थान सोडण्याची तयारीही होती. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना हा तरुण नुसता तालुक्याचा पुढारी वाटणार नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणापुढे आपले सैन्य मागे हटले, कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यास बोलावून घेतले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला, असे आपण तेव्हापासून अभिमानाने म्हणत आलो. अभिमान योग्यच आहे; पण त्या वेळी यशवंतरावांना सैन्याच्या कारभाराचा काय अनुभव होता? काहीच नाही. मेनन यांचे जगाविषयीचे ज्ञान यशवंतरावांहून कितीतरी अधिक होते. परंतु सेनाधिकाऱ्यांचा विश्वास त्यांनी गमावला होता आणि नेमका तोच परत मिळवावयाचा होता. समोरच्याचे ऐकून घेणे, त्याचा मान राखणे, त्याला त्याचे काम करू देणे आणि निर्णयाची वेळ आली की जबाबदारी मात्र स्वतःच्या शिरावर घेणे, हे कोणत्या विद्यापीठात शिकवतात? १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई दलाच्या वापराची परवानगी संरक्षणमंत्र्यांनी त्याच दुपारी काही मिनिटांत दिली आणि सूर्य मावळण्यापूर्वी आपली विमाने रणांगणावर पोहोचली. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहत बसण्यास ती वेळ नव्हती, हे त्यांनी ओळखले.

या निर्णयशक्तीचे मूळ आम्ही १९५७ सालात शोधतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव स्वतःच्या कराडात जेमतेम निवडून आले. ज्यांच्या लग्नकार्यांना हजेरी लावली, ज्यांच्याबरोबर तुरुंगात भाकरी खाल्ली, ती माणसे विरोधात उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास नेहरू आले, तेव्हा काळी निशाणे घेऊन हजारो लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तो दिवस अनर्थावाचून पार पडला, याचे श्रेय समितीच्या नेत्यांना आहे तसे मुख्यमंत्र्यांच्या संयमालाही आहे. विरोध करणारा आपला शत्रू नसतो, तो उद्या बाजारात भेटणार असतो, ही जाणीव लहान गावातच होते. महानगरातील पुढाऱ्याला मतदार आकड्यांतून दिसतो; उंब्रजच्या सरपंचाला तो रोज सकाळी नळाच्या पाण्याची तक्रार घेऊन दारात दिसतो.

पण ही झाली नाण्याची एक बाजू. गावच्या राजकारणातून सर्वांना सांभाळून घेण्याची जी सवय लागते ती दिल्लीत गुण ठरते, तशी कधी व्यंगही ठरते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीत यशवंतराव पक्षश्रेष्ठींच्या बाजूने गेले आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिरा गांधींबरोबर राहिले. १९७९ च्या जुलैत त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि काही दिवसांतच चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले. कुंपणावर बसणारे, अशी त्यांची अपकीर्ती उत्तरेत झाली. तीत अन्याय आहे. परंतु ती सर्वस्वी निराधार आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. तालुक्यात दोन गटांना एकत्र बसवता येते, कारण दोघांनाही त्याच गावात राहावयाचे असते. दिल्लीत तसे काही बंधन नाही. पक्षांतराच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष म्हणून १९६९ मध्ये याच यशवंतरावांनी अहवाल दिला होता. त्यानंतर पक्षांतराचे काय झाले हे २०२२ आणि २०२३ साली ज्या महाराष्ट्राने पाहिले त्याला सांगावयास नको.

वसंतदादांचे उदाहरण आणखी बोलके आहे. शालेय शिक्षण बेताचे, पण सहकाराचा अनुभव एवढा की त्याविषयी त्यांना शिकविण्यास कोणी धजला नसता. १९८० साली ते सांगलीतून लोकसभेत गेले आणि १९८३ मध्ये मुख्यमंत्री होऊन परतले. दिल्लीत त्यांचा जीव रमला नाही. त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी झाले काय? मुळीच नाही. कराडचे पी. डी. पाटील यांनी नगराध्यक्षपदावर चार दशके काढली. त्यांना दिल्लीची ओढ नव्हती आणि कराडचे त्यात नुकसान झाले नाही. प्रत्येक चांगल्या नगराध्यक्षाने खासदार झालेच पाहिजे, हा आग्रहच मुळी गैर आहे.

याच्या नेमका उलट प्रवास पृथ्वीराज चव्हाणांचा. घरात राजकारण असूनही ते शिकले अभियांत्रिकी, गेले अमेरिकेस आणि १९९१ साली कराडमधून थेट लोकसभेत पोहोचले. पंतप्रधानांच्या कार्यालयातील कामाचा अनुभव घेऊन ते २०१० साली मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी शंका कोणी घेतली नाही. पण फायली रेंगाळतात ही तक्रार मित्रपक्षानेच केली. म्हणजे खालच्या पायऱ्या टाळून वर गेलेल्याला खाली उतरताना अडचण येते, तशी पायरीवरच रमलेल्याला वर चढताना येते.

जगाचा अनुभवही याहून निराळा नाही. अमेरिकेचे हॅरी ट्रुमन हे मिझुरी राज्यातील एका परगण्याचे कारभारी होते; रस्ते बांधणे हे त्यांचे काम. १९४५ साली ते अध्यक्ष झाले तोवर अणुबॉम्बची पुरती माहितीही त्यांना कोणी दिलेली नव्हती. तरीही पुढील सात-आठ वर्षे त्यांनी धडाडीने निर्णय घेतले. ब्रिटनचे नेव्हिल चेंबरलेन हे बर्मिंगहॅमचे उत्तम महापौर आणि पुढे लोकांच्या घरांचा प्रश्न हाती घेणारे कर्तबगार आरोग्यमंत्री. पण १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरशी ते शब्दाला जागणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलावे तसे बोलले. शाळा सारखीच, एक उत्तीर्ण झाला, एक नापास.

तेव्हा गावच्या राजकारणाने माणसांची पारख येते, नकार पचवण्याची ताकद येते. विषयाचे ज्ञान मात्र येत नाही. ते ज्याचे त्याने मिळवावे लागते. यशवंतरावांनी ते तुरुंगात मिळवले, अर्थमंत्री असताना मिळवले आणि १९८२ साली आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद आले तेव्हाही ते फायलींबरोबर पुस्तके वाचत होते. आजचा आमचा तरुण कार्यकर्ता काय वाचतो, हा प्रश्न शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीच विचारावा. आम्ही विचारला तर तो आगाऊपणा ठरेल.

परंतु शाळा चालू असेल तरच हा सारा विचार. यशवंतराव मुख्यमंत्री असताना नेमलेल्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या खेड्यातून नेतृत्व घडावे या हेतूनेच. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. कराड नगरपालिकेचीही गत तीच झाली. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात पडून राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास फर्मावले, तीही मुदत टळली आणि नगरपालिकांच्या मतदानाला डिसेंबर उजाडला. हा उशीर ज्यांच्या सरकारांत झाला त्यांना त्याची खंत वाटल्याचे दिसले नाही; प्रशासक सोयीचा असतो, तो प्रश्न विचारत नाही. २०२२ साली उंब्रज गणातून पंचायत समितीला उभे राहण्याची तयारी करणारा पंचविशीतला शिक्षक किंवा शेतकऱ्याचा मुलगा इतकी वर्षे कोणाच्या तरी गाडीमागे फिरत राहिला असेल. वॉर्डातल्या बाईच्या प्रश्नाला सभागृहात उत्तर देण्याऐवजी तो नेत्याच्या वाढदिवसाचे फलक महामार्गाच्या कडेला लावण्यात तरबेज झाला असेल, तर त्यात दोष त्याचा किती?