तयारी कुणाची, कुणासाठी?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत एक नवी पाटी लागली आहे : ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल’. नॅकची समिती येणार म्हटले की पाटी नव्याने रंगवली जाते, एखाद्या प्राध्यापिकेच्या गळ्यात ते काम पडते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी दोन-तीन दिवसांचे शिबिर भरते. बायोडेटा कसा लिहावा, गटचर्चेत कसे बोलावे, मुलाखतीला जाताना काय घालावे, हे सांगायला शहरातून कुणी तज्ज्ञ येतात. फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, अहवाल फायलीत जातो.

मी तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत मुलींशी बोलायला जाते. अशा शिबिरांच्या मागच्या बाकावर बसून मी पुष्कळ ऐकले आहे. माझे म्हणणे सरळ आहे. या शिबिरांत मुलींना नोकरीसाठी नव्हे, तर मालकाच्या सोयीसाठी तयार केले जाते. आणि स्त्री-संघटनांनी ‘हा करिअरवाल्यांचा विषय आहे’ असे म्हणून त्याकडे पाठ फिरवू नये.

एका शिबिरात मुलाखतीचे नेहमीचे प्रश्न चालले होते. ‘लग्नाचा काय विचार आहे?’ असे विचारले तर काय सांगायचे? तज्ज्ञबाईंनी उत्तर फळ्यावर लिहून दिले : ‘सध्या माझे पूर्ण लक्ष करिअरवर आहे आणि घरच्यांचा मला पाठिंबा आहे.’ वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतले. शेजारच्या बाकांवर मुलेही होती. त्यांच्यापैकी एकानेही पेन उचलले नाही. त्यांना कुणी तसे सांगितले नव्हते, पण आपल्याला हे लागणार नाही हे त्यांना बरोबर ठाऊक होते!

हा प्रश्न विचारणे मुळात बरोबर आहे का, याबद्दल तीन दिवसांत एक अक्षर निघाले नाही. पाऊस पडणारच, छत्री घेऊन जा, अशा सुरात सगळे चालले होते. पण हा काही पाऊस नव्हे. यावर या देशातल्या बायका साठ वर्षे भांडत आल्या आहेत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग-लेबलिंगच्या खात्यात काम करणाऱ्या मुलीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपे. कामगार संघटनेने हा नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये तो रद्द करून घेतला. १९७९ मध्ये सी. बी. मुथम्मांनी परराष्ट्र सेवेतला, लग्नासाठी सरकारची परवानगी घेण्याचा नियम न्यायालयात खेचला. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गरोदरपणीच घरी बसवण्याचा नियम गेला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही, ही अट त्याच निकालाने योग्य ठरवली. १९९१ मध्ये नीरा माथुर यांच्या खटल्याने तर आयुर्विमा महामंडळाचा अर्जच उघडा पाडला. नोकरीला लागणाऱ्या बाईने त्यात शेवटच्या पाळीची तारीखसुद्धा भरून द्यायची होती. न्यायालयाने ते रकाने काढून टाकायला लावले.

यांतला एकही खटला मी कुठल्या शिबिरात ऐकलेला नाही. एक गोष्ट मात्र हटकून सांगितली जाते : १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असे वाचून सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले आणि त्यांना पुण्याला नोकरी मिळाली. गोष्ट चांगलीच आहे, मुलींचे डोळे चमकतात. पण ती तिथेच संपते. दुसऱ्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. नेमणूक करतानाही स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, असे त्याने खाजगी मालकालाही बजावले. ही पुढची गोष्ट का सांगत नाहीत? पहिल्या गोष्टीत एका हुशार मुलीचे धाडस आणि एका उदार मालकाचे मोठेपण आहे. दुसरीत मालकाच्या उदारपणाची गरजच उरत नाही. १९७६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्या कलम ३ मध्येही नेमणुकीतल्या भेदभावाला मनाई आहे.

कायदा आहे म्हणजे भेदभाव संपला, असा भाबडेपणा कुणी करू नये. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना दारातूनच परत पाठवत असल्याची बातमी रॉयटर्सने जून २०२४ मध्ये दिली, तेव्हा केंद्राच्या कामगार खात्याला राज्याकडून अहवाल मागवावा लागला. जगातले महागडे फोन जिथे जोडले जातात तिथली ही कथा, तर आपल्या जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत काय चालत असेल! आणि बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली हे योग्यच झाले. पण ईएसआय नसलेल्या ठिकाणी त्या काळातल्या पगाराचा सगळा भार एकट्या मालकावर आहे. तो मुलाखतीतच बोटे मोजू लागतो. याला उत्तर रजा कमी करणे हे नव्हे, तो भार सर्वांनी मिळून उचलणे हे आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुलाखतीत मुलीने कलमे फेकावीत असे मी म्हणत नाही. तिला नोकरी हवी आहे. तिने काय उत्तर द्यायचे ते तिचे तिने ठरवावे. फळ्यावरचे दिले तरी मी तिला नावे ठेवणार नाही. माझे भांडण महाविद्यालयाशी आहे. कंपनी महाविद्यालयाच्या आवारात येते, महाविद्यालयाचा हॉल वापरते, प्राचार्यांबरोबर चहा घेते. एकट्या मुलीला जे बोलता येत नाही, ते महाविद्यालयाला आधीच लेखी कळवता येते : आमच्या आवारातील मुलाखतीत लग्न, मुले, गरोदरपण यांबद्दल विचारू नये, मुलगे व मुली यांना एकाच कामाला एकच पगार जाहीर करावा, अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे द्यावीत. एका कागदाचे काम आहे. ‘अशाने कंपन्या येणारच नाहीत,’ असे एक प्राचार्य मला म्हणाले. म्हणजे मुलींना विचारला जाणारा हा प्रश्न ही कंपनी आणण्याची किंमत आहे आणि ती मुलींनी मोजायची, असाच याचा अर्थ झाला ना?

दुसरा प्रश्न घराण्याचा. ‘टेल मी समथिंग अबाउट युवर फॅमिली.’ तज्ज्ञांच्या मते हा सर्वांत सोपा प्रश्न, मुलाला मोकळे करण्यासाठी विचारलेला. कुणाला सोपा? वडील बँकेत असलेल्या मुलीला. जिची आई ऊसतोडीला जाते आणि वडील वारले आहेत, तिला या एका वाक्यात जात, गाव, घर सगळे टेबलावर ठेवायचे असते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लीम नावांना बोलावणी कमी आली. तिथे इंग्रजीही सारखे होते, गुणही सारखे होते. मग आमच्या मुलींना ‘तुमचे कम्युनिकेशन कमी पडते’ असे रोज ऐकवून कुणाचा दोष कुणाच्या पदरात टाकला जातो? इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा. बाबासाहेबांच्या लेकींना इंग्रजीचे महत्त्व कुणी सांगायला नको. पण ती शिकायला तीन वर्षे हाताशी असतात. शेवटच्या तीन दिवसांत ती येत नाही. तीन दिवसांत येतो तो फक्त न्यूनगंड.

आणि हे कोण शिकवते? एका सेलची जबाबदारी असलेल्या बाई स्वतः तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास, तेवढे पैसे. सुट्टीत काही नाही. ‘ताई, मी यांना नेमणूकपत्र कसे वाचायचे ते काय सांगू, माझेच दरवर्षी नवे निघते,’ असे त्या हसत म्हणाल्या. मला हसू आले नाही.

खरे तर कागद वाचणे हेच शिबिरात पहिल्या दिवशी शिकवायला हवे. हातात येणारा कागद नेमणुकीचा आहे की प्रशिक्षणाचा? दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲप्रेंटिस कायद्याच्या कलम १८ प्रमाणे प्रशिक्षणार्थी हा कामगार धरला जात नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. कितीतरी मुलींच्या घरी ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटले गेले. मुदत संपल्यावर काय, हे सांगणारे शिबिर कुणी घेतले नव्हते.

बॉण्डचेही तसेच. दोन वर्षांत सोडलेस तर एवढे लाख भर, आणि मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे ठेव! प्रमाणपत्राची मूळ प्रत देऊन टाकायची नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक मुलीला पाठ हवे. बॉण्ड म्हणजे नुसता धाक असतो, असेही समजू नये : मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉण्ड वैध धरला आहे. दुसरीकडे, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मालकाला वाजवी भरपाईच मागता येते. कागदावरचा आकडा ही वरची मर्यादा आहे, तेवढा आपोआप मिळत नाही. हे दोन्ही सही करण्यापूर्वी माहीत हवे.

नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ अभ्यासक्रमातच आणले आहे. मोठ्या शहरात ते कंपनीत होते. तालुक्याला ते होते वकिलाच्या ऑफिसात, मेडिकल स्टोअरमध्ये, कर सल्लागाराच्या माडीवरच्या खोलीत. तिथे दोन माणसे असतात, त्यांतला एक मालक, आणि मुलीचे गुण त्याच्या सहीवर अवलंबून. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे. पण अंतर्गत समिती दहा किंवा अधिक माणसे असतील तिथेच असते. त्याखाली तक्रार करायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. मुलीला तिथे पाठवणाऱ्या महाविद्यालयाने त्या समितीचा पत्ता तिच्या हातात द्यायला नको?

आता आपल्यातल्या काही जणींचा आक्षेप. ‘शेतमजूर बायका, घरकामगार बायका यांचे प्रश्न पडले असताना पदवीधर मुलींच्या नोकऱ्यांची उठाठेव कशाला?’ असे मला बैठकीत विचारले गेले. मी विचारते, या मुली कुणाच्या आहेत असे तुम्हाला वाटते? देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लाखांत २ कोटी ७ लाख मुली आहेत, असे २०२१-२२ चे सरकारी सर्वेक्षण सांगते. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. वर्गात बसलेली मुलगी ही त्याच शेतमजूर बाईची, अंगणवाडी सेविकेची मुलगी आहे.

आणि तिच्यासाठी निकाल आणि लग्नसराई एकाच हंगामात येतात. गावात हिशोब साधा असतो. नोकरी लागली तर स्थळे बघणे दोन वर्षे पुढे, नाही लागली तर येत्या वैशाखात उरकायचे. पहिल्या पगाराची चिठ्ठी हीच तिच्या हातातली एकमेव मुदतवाढ असते. ती मिळवताना तिने काय-काय गिळायचे, हे ठरवायचे काम आपण पगारी तज्ज्ञांवर सोडावे, हे मला पटत नाही.

आठ मार्चला महाविद्यालयात जाऊन भाषण करण्यापेक्षा जूनमध्ये जावे. प्लेसमेंट सेलमध्ये आपली एक कार्यकर्ती, एक कामगार संघटनेची बाई आणि दोन माजी विद्यार्थिनी घ्यायला लावाव्यात. माजी विद्यार्थिनी मी मुद्दाम म्हणते. माहितीपत्रकात निवड झालेल्या मुलींचे फोटो छापतात, पण वर्षभराने त्यांतल्या किती जणी कामावर आहेत, पगार सांगितला तेवढाच मिळाला का, सोडली असेल तर का सोडली, याची नोंद मी पाहिलेल्या एकाही सेलमध्ये नाही. आमच्या तालुक्यातल्या दोन महाविद्यालयांत आम्ही ही वही येत्या जूनपासून सुरू करत आहोत. कंपन्यांना द्यायच्या पत्राचा मसुदाही तयार आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावे, प्रत पाठवू.