गॅमा कॅमेऱ्यांतील स्फटिक

घरांतील कोणास गॅमा कॅमेऱ्याखालीं निजवावयाचें ठरलें, कीं 'यंत्राचे किरण बाधतील' ही धास्ती आम्हीं पुष्कळदां ऐकिली आहे. वस्तुतः निव्वळ ह्या कॅमेऱ्यांतून किरण निघतच नाहींत. ते निघतात रोग्यास आधीं दिलेल्या औषधांतून. यंत्रांतील सोडियम आयोडाइडाचा स्फटिक ते केवळ झेलतो व निळसर प्रकाशानें क्षणभर चमकतो. त्या चमकांवरूनच चित्र तयार होतें. थॅलियमाच्या लेशमात्र मिश्रणानें हा स्फटिक उत्तम उजळतो, हें रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं १९४८ सालीं दाखविलें. दमट हवेंत त्यास मिठाप्रमाणें पाणी सुटतें, म्हणून तो बंद आवरणांत ठेवितात. तेव्हां भिण्याचें कारण यंत्र नव्हे. सावधगिरी हवी ती औषधाविषयीं: गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें तसें डॉक्टरांस आधींच सांगावें.